झटक्यांच्या मधले दिवस

निफाड तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरी एक निळी प्लास्टिकची पिशवी आहे, खताच्या दुकानातून आलेली. भाच्याच्या आजारपणाचे सगळे कागद ती त्यात जपून ठेवते. गेल्या दिवाळीत मी ती पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि कागद तारखेप्रमाणे लावले. दोन वर्षांत अकरा वेळा पोराला रात्रीबेरात्री उचलून न्यावं लागलं होतं. अकरा कागद, चार वेगवेगळ्या दवाखान्यांचे, आणि प्रत्येकावर जवळपास तेच लिहिलेलं: एक इंजेक्शन, वाफ, तीन दिवसांच्या गोळ्या, खोकल्याची बाटली. रोज घ्यायचा पंप एकाही कागदावर नव्हता. 'पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा' हेही कुठे नव्हतं. दमा हा शब्द दोनच कागदांवर सापडला. बाकीच्यांवर 'छाती भरणे', 'अ‍ॅलर्जी', 'सर्दी-खोकला'.

त्यातल्या एका रात्री मी तिथे होते. ऑक्टोबर महिना, द्राक्षाची गोडी छाटणी होऊन आठवडा झालेला. नऊ वर्षांचं पोर अंथरुणात बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर खेचत श्वास घेत होतं. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. 'पाणी' एवढा एक शब्द त्याने दोन श्वासांत म्हटला. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला नेलं. वाफेचं मशीन लावलं, वीसेक मिनिटांत घरघर कमी झाली आणि तो मला म्हणाला, "मावशी, झालं आता बरं." पहाटे परत येताना बहीण म्हणाली, "सुटलो गं ताई." त्यानंतरचे सहा आठवडे त्याच्या छातीकडे कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

मला बोलायचं आहे ते त्या सहा आठवड्यांबद्दल. आपली सगळी व्यवस्था, म्हणजे गावातला दवाखाना, सरकारी केंद्र, घरातली माणसं, शाळा, दम्याकडे रात्रीच्या झटक्यापुरतं पाहते. झटका आला की धावपळ, गेला की विसर. विज्ञानाने मात्र निदान चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे की झटक्यांच्या मधल्या शांत दिवसांतही आजार आपलं काम करत असतो, आणि उपचार करायचे ते त्याच दिवसांत. हे ज्ञान प्रयोगशाळेपासून निफाडपर्यंत पोचलेलं नाही. ते का पोचत नाही, हा प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नाही, सार्वजनिक आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही. पण पुण्यात एम.एस्सी. करत असताना दम्यावरच्या एका प्रयोगाचं काम जवळून पाहायला मिळालं होतं. ते तेव्हा परीक्षेपुरतं समजलं होतं. भाच्याची पिशवी उघडल्यावर नीट समजलं.

प्रयोगाची रीत अशी असते. साधारण वीस-बावीस ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदरांना, बहुतेक वेळा बाल्ब-सी जातीच्या, अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारात मिसळून पोटात टोचतात. दोन आठवड्यांनी पुन्हा टोचतात. उंदराचं शरीर त्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू ठरवतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं करून ठेवतं. मग काही दिवस तेच प्रथिन उंदरांना हवेतून, बारीक तुषारांच्या रूपात हुंगवतात. हे तुषार तयार करणारं यंत्र म्हणजे नेब्युलायझर. ज्या यंत्राने माझ्या भाच्याला श्वास परत मिळतो, त्याच जातीचं यंत्र तिथे उंदराला दमा देतं. उंदराच्या श्वासनलिका सुजतात, इओसिनोफिल नावाच्या, अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी भरून जातात, चिकट श्लेष्म्याने बुजतात. शेवटच्या फवाऱ्यानंतर एक-दोन दिवसांत उंदराला मारतात, त्याच्या फुप्फुसात थोडंसं खारं पाणी सोडतात आणि परत ओढून घेतात. फुप्फुसांची ती विसळणी. मिलिलिटरभर पाणी, पण त्यात आजाराची सगळी हकिगत उतरलेली असते.

त्या पाण्यातली प्रथिनं वेगळी करण्याची एक जुनी आणि देखणी पद्धत आहे. जेलच्या पातळ पत्र्यावर ती एका दिशेने विद्युतभाराप्रमाणे आणि दुसऱ्या दिशेने आकारमानाप्रमाणे सरकवायची, मग निळा रंग द्यायचा. प्रत्येक प्रथिन आपापल्या जागी ठिपका होऊन थांबतं. मी पाहिलेल्या दोन जेल उजेडाच्या पेटीवर शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या: डावीकडे निरोगी उंदराची, उजवीकडे दमा दिलेल्या उंदराची. शेकडो निळे ठिपके, बहुतेक दोन्हीकडे जागच्या जागी. पण डोळा सरावला की फरक दिसू लागतो. उजवीकडे मध्यावर एक गडद, फुगलेला ठिपका होता आणि डावीकडे त्याच जागी जवळपास काही नव्हतं. तळाच्या कोपऱ्यात उलटं: डावीकडचा ठळक ठिपका उजवीकडे फिकट झालेला. आमच्या मॅडम असा ठिपका सुरीने कापून काढत, त्यातलं प्रथिन एका विकराने तोडत आणि तुकड्यांचं वजन मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजून त्याचं नाव शोधत. आता यंत्रं इतकी पुढे गेली आहेत की जेलशिवायच एका नमुन्यातली हजारो प्रथिनं मोजता येतात. पण बदल कळतो तो याच तुलनेतून.

तो फुगलेला ठिपका वायएम-१ नावाच्या प्रथिनाचा होता. हे कायटिनेझच्या कुळातलं. कायटिन म्हणजे किड्यांच्या कवचात आणि बुरशीच्या पेशीभित्तीत असतो तो चिवट पदार्थ. या कुळातली काही प्रथिनं कायटिन तोडतात. वायएम-१ ला ते तोडता येत नाही, पण ते फुप्फुसात इतकं साचतं की कधीकधी त्याचे स्फटिक होतात. यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की उंदराला दिलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कायटिन औषधालाही नसतं. तरीही फुप्फुस किडे, जंत आणि बुरशी यांच्याविरुद्धची जुनी हत्यारं बाहेर काढतं. समोर अंड्याचं प्रथिन आहे की जंत आहे, हे त्याला कळतच नाही. एकदा चुकीची खूण पटली की सगळी तयारी एकाच साच्याची होते. याच कुळातलं, कायटिन तोडणारं एक प्रथिन दम्याच्या उंदरांत आणि दम्याच्या माणसांच्या फुप्फुसातही वाढलेलं असतं, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. २००७ मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या अभ्यासाने वायकेएल-४० हे त्यांचं मानवी भावंड तीव्र दम्याच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेलं दाखवलं.

तळाचा फिका पडलेला ठिपका सीसी-१० चा. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या क्लब पेशी ते स्रवतात आणि त्याचं काम दाह आवरण्याचं. म्हणजे आग भडकवणारी प्रथिनं वाढतात आणि विझवणारं घटतं, दोन्ही एकाच वेळी. श्लेष्म्याला चिकटपणा देणारं म्युक-५एसी वाढतं. फुप्फुसाचे फुगे मिटू न देणाऱ्या थरातलं सर्फॅक्टंट प्रथिन-डीसुद्धा वाढतं. ते बहुधा शरीराचं सावरणं असावं. एक ना दोन, अशी कितीतरी.

आता भाच्याच्या त्या रात्रीकडे परत येते. धाप लागते ती श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळल्यामुळे. ते सैल करणारं साल्ब्युटामॉल १९६९ पासून वापरात आहे आणि मिनिटांत काम करतं. वाफेत बहुधा तेच असतं. ते नसतं तर कितीतरी मुलं गेली असती, त्याबद्दल दुमत नाही. पण जेलवर जो बदल दिसतो, ती सूज, तो श्लेष्मा, त्या इओसिनोफिल पेशी, त्यांना आवर घालण्याचं काम साल्ब्युटामॉलचं नाही. आवळलेली मूठ त्याने सैल होते, आतली सुजलेली कातडी तशीच राहते. उंदरांमध्ये फवारा थांबवल्यावरही श्लेष्मा करणाऱ्या पेशी आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. आणि फवारा दीर्घकाळ चालू ठेवला तर अस्तराखाली तंतूंचा थर साचतो, स्नायू जाड होतो. सूज ओसरली तरी नलिका पूर्वीसारखी होत नाही, जराशा कारणाने आवळते. उंदरातच हे होतं असंही नाही. १९८० च्या दशकात सौम्य दमा असलेल्या, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या श्वासनलिकेचे तुकडे दुर्बिणीतून काढून तपासले, तेव्हा तिथेही सूज सापडली. माणूस हसतखेळत होता आणि अस्तर सोललेलं होतं.

"झालं आता बरं" म्हणाला तेव्हा माझा भाचा खरंच बोलत होता. त्याला बरंच वाटत होतं. पण त्याच्या फुप्फुसातली गोष्ट संपली नव्हती, आणि ते ओळखण्याची जबाबदारी नऊ वर्षांच्या पोराची नव्हती.

सूज उतरवणारा पंप, म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, १९७२ पासून उपलब्ध आहे. बेक्लोमेथासोन पहिलं, पुढे ब्युडेसोनाइड आणि इतर आले. उंदरांना स्टेरॉइड दिलं की वाढलेल्या प्रथिनांतली बरीचशी मूळ पातळीकडे परततात, हे त्याच जेलवर दिसतं. माणसांतला पुरावा तर त्याहून ठोस आहे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातला, २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वर्षभरात या पंपाचा एकेक डबा जास्त वापरला गेला, तसा दम्याने मरण्याचा धोका डब्यामागे २१ टक्क्यांनी कमी होत गेला. फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची राष्ट्रीय मोहीम चालवली. गावोगावचे डॉक्टर, नर्स आणि औषध दुकानदार यांना शिकवलं, आणि दमा लवकर ओळखून पहिल्यापासून सुजेवर उपचार करायचे हे धोरण ठेवलं. दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस १९९३ मध्ये १ लाख १० हजार होते. २००३ मध्ये ५१ हजार झाले. नवं औषध सापडलं म्हणून ते घटले असं नव्हतं. असलेलं औषध योग्य वेळी पोचलं होतं. २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या 'जीना'नेही स्पष्ट सांगितलं की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसतं साल्ब्युटामॉल देऊन थांबू नये, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच.

आणि आपण? जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. ही तफावत हवेतून आलेली नाही. आपल्याकडच्या उंदरांची नि माणसांची फुप्फुसं काही वेगळी नाहीत. त्या निळ्या पिशवीत अकरा कागद आहेत, ते या तफावतीचं उत्तर आहे.

पंपाचं नाव काढलं की घरात काय होतं तेही मला माहीत आहे. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराच्या तोंडाला पंप लावता? एकदा लागला की सुटत नाही." मेहुण्यांना स्टेरॉइड या शब्दाचीच भीती. ही माणसं अडाणी नाहीत. द्राक्षावर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे मेहुणे झोपेतही सांगतील. त्यांना कुणी नीट समजावलंच नाही, एवढंच. मी कागदांवरची इंजेक्शनं त्यांना दाखवली. अकरापैकी आठ वेळा त्यात डेक्सामेथासोन होतं. तेही स्टेरॉइड, आणि साध्यासुध्या ताकदीचं नव्हे. चार मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम, रक्तात मिसळून सगळ्या शरीरभर. लहान मुलाला पंपातून सुरुवातीला दिवसाला शंभर ते दोनशे मायक्रोग्रॅम पुरतात, आणि त्यांचं काम मुख्यतः फुप्फुसातच होतं. औषधं वेगळी असल्यामुळे ही तंतोतंत तुलना नाही, पण नुसत्या वजनाचा हिशेब केला तरी एका इंजेक्शनात पंपाचे वीस दिवस निघतात. ज्या गोष्टीला घाबरून आपण पंप टाळतो, तीच गोष्ट कितीतरी पटीने कमरेतून देत आलो आहोत, आणि तीही झटका येऊन गेल्यावर.

पंपाला दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. तोंड धुतलं नाही तर तोंडात बुरशी येते, आवाज बसतो. उंचीचं म्हणाल तर अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना चार ते सहा वर्षं ब्युडेसोनाइड देऊन मोठेपणी त्यांची उंची मोजली, तेव्हा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही गोष्ट आईबापांना सांगितली पाहिजे, लपवता कामा नये. त्या मुलांचा डोस दिवसाला चारशे मायक्रोग्रॅम होता हेही सांगितलं पाहिजे. आणि मग दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही: बुडालेली शाळा, मैदानाच्या कडेला बसून काढलेला तास, मोटरसायकलवरच्या अकरा रात्री. असं समोर मांडलं तर निर्णय घेता येतो. माझ्या मेहुण्यांनी घेतला.

आता संशोधनाबद्दलचा एक आक्षेप, जो मी स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकला आहे. उंदरांवर कशाला वेळ आणि पैसा घालवायचा, उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे. खरं आहे. उंदराला आपणहून दमा होत नाही, तो द्यावा लागतो. ज्या वायएम-१ चे स्फटिक उंदराच्या फुप्फुसात होतात, ते प्रथिन माणसात नाहीच. माणसाच्या दम्यातल्या थुंकीत जे टोकदार स्फटिक एकोणिसाव्या शतकात शार्को आणि लायडन यांनी पाहिले, ते गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असतात, आणि ते उंदरात नाही. इओसिनोफिल पेशी वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-५ या रेणूची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. उंदरात तो अडवला की इओसिनोफिल पेशी कमी होतात आणि दमाही सुधारतो, असं दिसत होतं. २००० साली तो अडवणाऱ्या औषधाचा माणसांवरचा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. पेशी कमी झाल्या, दम्यात फरक पडला नाही. सगळे निराश झाले. नऊ वर्षांनी, २००९ मध्ये, तेच औषध सरसकट न देता फक्त ज्यांच्यात इओसिनोफिल वाढलेले आहेत आणि वारंवार झटके येतात अशांना देऊन पाहिलं, तेव्हा झटके निम्म्याच्या आसपास आले. २०१५ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. उंदराने चूक सांगितली नव्हती. आपण सगळ्या माणसांना एकच उंदीर समजलो होतो.

म्हणून मी या संशोधनाच्या बाजूची आहे, पण त्याच्यावर थांबण्याच्या विरुद्ध आहे. आणि यात एक नैतिक हिशेबही आहे, तो मला सोडवत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये यासाठी आपल्याकडे १९६० चा कायदा आहे, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समित्या आहेत, कमीत कमी प्राणी वापरा आणि शक्य तिथे वापरूच नका हे तत्त्व १९५९ मध्ये मांडलं गेलं आणि आज जगभर मान्य आहे. २०२३ मध्ये भारताने औषधांच्या चाचण्यांसाठी प्राण्यांऐवजी दुसऱ्या पद्धती वापरायला नियमांत वाट करून दिली. हे सगळं योग्य आहे. पण ज्या हजारो उंदरांचे जीव गेले, त्यांनी दिलेलं उत्तर आपण वापरत नसू, तर ते जीव आपण कशासाठी घेतले? सूज आधी उतरवा, हे उत्तर मिळून जमाना झाला. ते निबंधांत छापून येतं, परीक्षेत विचारलं जातं, आणि निफाडच्या कागदावर येत नाही.

नाशिकला या बाबतीत कारण सांगायची सोय नाही. राज्यातली बहुतेक वैद्यकीय, आयुर्वेद, दंत आणि नर्सिंग महाविद्यालयं ज्याच्या छत्राखाली येतात, ते १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरुळला आहे. एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. आणि दम्याचा अभ्यास करायला या जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या चाळी आहेत. तिथे बाया दिवसभर कांदा निवडतात, पापुद्र्यांची धूळ आणि सडक्या कांद्यावरची काळी बुरशी नाकातोंडात जाते. बुरशी, म्हणजे पुन्हा कायटिन. दिंडोरी-निफाडला छाटणीनंतर भुरी आणि डावणी या द्राक्षावरच्या रोगांसाठी ब्लोअरने फवारण्या सुरू होतात. त्या कामाला पेठ-सुरगाण्याहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि बागेच्या कडेला पाल ठोकून, चुलीच्या धुरात चार महिने काढतात. पन्नासच्या दशकात आयात गव्हाबरोबर आलेलं गाजर गवत आता प्रत्येक बांधावर आहे आणि त्याचे परागकण अ‍ॅलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे, सातपूर-अंबडची एमआयडीसी आहे. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत नाशिकचं नाव आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदले जात आहेत ते वेगळंच. गादीतल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे तर घरोघरी.

माझ्या भाच्याला यातलं काय बाधतं, हे अकरा भेटींत कुणी विचारलं नाही. त्याच्यासाठी प्रथिनांचा नकाशा काढा असं मी म्हणत नाही. पण तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होणाऱ्या साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिलचा आकडा येतो. आपल्याकडे त्याला 'इस्नोफिलिया झालाय' म्हणतात आणि गोळ्या देऊन विषय मिटवतात. जंतांनीही तो वाढतो, हे लक्षात ठेवून जंतांचं औषध द्यावं, आणि तरी वाढलेलाच राहिला तर तो आकडा दम्याच्या कागदावर टिपून ठेवावा. चाळीत काम करणाऱ्या पन्नास बायांचा आणि त्याच गावातल्या, चाळीत न जाणाऱ्या पन्नास बायांचा फुंकरीचा जोर (पीक फ्लो मीटरवर) आणि हा आकडा हंगामाच्या आधी आणि नंतर घेतला, तर एक चांगला प्रबंध होईल आणि त्या बायांना काही परत मिळेल. विद्यापीठाने असे विषय आवर्जून द्यावेत. उंदरांवरच्या कामाचा दर्जा दिल्ली-पुण्यात सांभाळला जातोच. इथलं काम इथल्या माणसांच्या श्वासाचं आहे आणि ते दुसरं कुणी करणार नाही.

संशोधनाची वाट न पाहता करायची गोष्ट मात्र एकच आहे, आणि तीच माझी मुख्य मागणी. सूज उतरवणारा पंप, स्पेसरसह (पंपाला जोडायची पोकळ नळी), प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बारा महिने असावा. ब्युडेसोनाइड हे काही चैनीचं औषध नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, तेव्हा प्रश्न केस पेपरच्या पैशांचा राहिलेला नाही. प्रश्न कपाटाचा आहे. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी जशी महिन्याची नोंदवही असते, रुग्ण आला नाही तर आशाताई घरी जाऊन विचारतात, तशी वही दम्याला मिळाली पाहिजे. वाफ देऊन घरी सोडलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्याच रात्री त्या वहीत चढावं आणि दोन आठवड्यांनी, ते धडधाकट असताना, त्याला बोलवावं. पंप कसा ओढायचा हे औषध देणाऱ्याने समोर करून दाखवावं: डबा हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर तोंडाला लावून एक दाब, मग सावकाश पाच-सहा श्वास, आणि शेवटी गुळणी. मी भाच्याला हे शिकवलं तेव्हा बरोबर जमायला तीन वेळा लागल्या. कुणी न दाखवता हे जमत नाही, आणि न जमलेला पंप म्हणजे घशावर उडालेलं औषध.

कोजागरीच्या रात्री दम्याचं औषध खिरीतून घ्यायला लोक दूरदूरच्या गावांना जातात, रात्र जागवतात. मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. वर्षातून एक रात्र का होईना, ठरलेल्या तारखेला, धाप लागलेली नसताना, कुणीतरी त्यांना तुमच्या दम्यासाठी या असं म्हणतं. आरोग्य केंद्राने तेवढं तरी म्हणावं.

माझ्या भाच्याला पंप सुरू होऊन दहा महिने झाले. या काळात एकदा, गणपतीत सर्दी झाली तेव्हा, त्याला वाफ लागली. पंप आम्ही नाशिकहून विकत नेतो, कारण त्याच्या गावाजवळच्या केंद्रात तो नसतो. आम्हाला परवडतं. त्याच बागेच्या कडेला पालात राहणाऱ्या, सुरगाण्याहून आलेल्या कुटुंबात त्याच्याच वयाची एक मुलगी आहे. ती पाण्याचा हंडा उचलताना मध्येच थांबून कमरेवर हात ठेवते, आणि तिची घरघर मला बांधावरून ऐकू येते. ती कुटुंबं छाटणीला येतात. छाटणी ऑक्टोबरात सुरू होते. पंपाची मागणी जिल्ह्याला जूनमध्ये गेली पाहिजे, आणि साठा सप्टेंबर संपायच्या आत केंद्राच्या कपाटात लागला पाहिजे.